चिमणी, नाली आणि पोती: टॉवेल कारखान्याच्या कचऱ्याचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतील सूत रंगवण्याचा आणि टॉवेल विणण्याचा वडिलांचा छोटा कारखाना एका तरुण उद्योजकाने नुकताच हाती घेतला आहे. बॉयलरच्या धुराबद्दल शेजारच्या वस्तीची तक्रार आहे, ईटीपीचा (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेचा) गाळ दोन वर्षांपासून पोत्यांत भरून मागच्या भिंतीशी रचलेला आहे आणि आता प्रदूषण नियंत्रण मंडळाची कारणे दाखवा नोटीस आली आहे. सल्लागाराने बॅग फिल्टर (धूर कापडी पिशव्यांतून गाळणारा), आरओ (पाण्यातले क्षार पडद्याने वेगळे करणारे) आणि बाष्पीभवन यंत्र अशी तीन यंत्रे सुचवली आहेत. यांतले आधी कोणते घ्यावे, आणि आपल्यासारख्या विकसनशील देशात छोट्या कारखानदाराला हे सगळे परवडते का, असे त्यांनी विचारले आहे.

माझे उत्तर असे की, पहिले दोन महिने कोणतेही यंत्र घेऊ नका. एक वही घाला. फाटकातून रोज किती किलो सूत, रंग, मीठ, सोडा, लाकूड आणि किती लिटर पाणी आत आले हे तिच्यात लिहा, आणि त्यातले काय कुठून बाहेर गेले तेही लिहा. आत आलेल्या वस्तूंपैकी जे टॉवेलात राहिले नाही ते तीनच वाटांनी बाहेर पडते: चिमणीतून, नालीतून किंवा पोत्यांतून. प्रदूषण नियंत्रणाची बहुतेक यंत्रे कचरा नाहीसा करत नाहीत, तो एका वाटेवरून दुसऱ्या वाटेवर ढकलतात. सेंद्रिय पदार्थ जिवाणूंनी खाल्ले किंवा भट्टीत पूर्ण जळले तरच ते खऱ्या अर्थाने संपतात. मीठ, राख आणि धातू कुठेही जात नाहीत.

हे मी माझ्या चुकीतून शिकलो. या व्यवसायात नवा असताना एका रंगाई कारखान्याच्या बॉयलरला मी पाण्याच्या फवाऱ्याचा स्क्रबर बसवून दिला. चिमणी स्वच्छ दिसू लागली, मालक खूश झाले आणि मीही. फवाऱ्यातून निघणारे काजळीचे पाणी मात्र मी सरळ ईटीपीकडे वळवले होते. महिनाभरात वायुवीजनाच्या टाकीतला जिवाणूंचा थर बिघडला, गाळ दुपटीवर गेला आणि बाहेर पडणारे पाणी काळपट झाले. हवेतले मी पाण्यात घातले होते आणि पाण्यातले पोत्यांत. त्या कारखान्याचा एकूण कचरा एका किलोनेही कमी झाला नव्हता.

आता तुमच्या कारखान्याकडे वळू आणि मिठापासून सुरुवात करू, कारण सोलापुरात रंगाईचा सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी बोलला जाणारा प्रश्न तोच आहे. रिॲक्टिव्ह रंग सुतावर चढावा म्हणून हौदात मीठ किंवा ग्लाउबर सॉल्ट (सोडियम सल्फेट) घालतात. गडद रंगाला लिटरमागे ६० ग्रॅम मीठ ही काही विशेष मात्रा नव्हे. एक किलो सुताला ८ लिटर पाणी या प्रमाणात १०० किलो सुताला ८०० लिटरचा हौद लागतो आणि त्यात ४८ किलो मीठ पडते. म्हणजे सुताच्या वजनाच्या जवळजवळ निम्मे. हे मीठ सुतात राहत नाही, रंगाचे काम झाले की सगळे नालीत जाते. रोज ५०० किलो सूत गडद रंगवणारा कारखाना वर्षाच्या ३०० दिवसांत ७२ टन मीठ नालीत सोडतो. धुण्याचे पाणी धरून किलोमागे ६० लिटर पाणी वापरले, तर एकत्र सांडपाण्यात केवळ या मिठामुळे लिटरमागे ८,००० मिलिग्रॅम क्षार येतात. कापड उद्योगासाठी २०१६ मध्ये ठरलेली विरघळलेल्या क्षारांची मर्यादा २,१०० आहे.

ईटीपी नीट चालली की सीओडी आणि बीओडी ही सेंद्रिय घाणीची मापे अनुक्रमे लिटरमागे २५० आणि ३० मिलिग्रॅमच्या आत येतात, रंगही बराचसा जातो. मीठ मात्र जसे आले तसेच निघून जाते. घाण खाली बसवायला चुना आणि फेरस सल्फेट घातल्याने ते कमी होत नाही, उलट थोडी भरच पडते. आपल्याकडे याचा परिणाम अधिक तीव्र होतो, कारण जिल्ह्याची बरीच जमीन काळी, चिकणमातीची आहे आणि वर्षाचा पाऊस साधारण साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. सोडियम अशा मातीत बसले की तिचे कण सुटे होऊन फुगतात, पाणी मुरणे थांबते आणि जमीन चोपण होते. कोकणात पावसाने क्षार धुऊन जातात, येथे ते मुळांपाशीच राहतात. म्हणूनच २०१६ च्या मानकांत सोडियम शोषण गुणोत्तराची (पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या तुलनेत सोडियम किती, या मापाची) २६ ही मर्यादा स्वतंत्रपणे घातली आहे. चाचणी अहवालात या ओळीकडे कोणी पाहत नाही. तुम्ही पाहा.

येथे नियमाबद्दलची एक नापसंती नोंदवतो. मर्यादा लिटरमागे मिलिग्रॅममध्ये असल्यामुळे जो पाणी वाचवतो त्याचे सांडपाणी अधिक खारे ठरते आणि जो भरमसाट पाणी ओततो त्याचे आकडे बरे दिसतात. जमिनीवर पडणारे मीठ दोघांचेही तितकेच असते. सांडपाण्यात मुद्दाम चांगले पाणी मिसळण्याला मंडळाची परवानगी नसते हे खरे, पण उधळपट्टीने पाणी वापरण्याला कोणी अडवत नाही. याच कारणासाठी मी वहीत ‘टन मालामागे किलो मीठ’ हा आकडा लिहायला लावतो.

उपाय म्हणून सल्लागार आरओ आणि बाष्पीभवन यंत्र सांगतो. ते चुकीचे नाही, पण क्रम उलटा आहे. आरओ पाण्याचे दोन भाग करते, एक वापरण्याजोगा आणि दुसरा आधीपेक्षा खारा. तो खारा भाग आटवायला वाफ लागते, वाफेला इंधन लागते आणि इंधनाचा धूर होतो. धुराची तक्रार असलेल्या कारखान्याने सगळे सांडपाणी आटवायला घेणे म्हणजे नालीतला प्रश्न चिमणीत चढवणे आहे. त्याआधी नाल्या वेगळ्या करा. रंगाचा हौद आणि त्यानंतरचे पहिले धुणे या दोन पाण्यांत जवळजवळ सगळे मीठ असते, आणि एकूण सांडपाण्यात त्यांचा वाटा साधारण पाव हिश्शाचा असतो. ही दोन पाणी वेगळ्या टाकीत घेतली तर उरलेले तीन हिस्से ईटीपीनंतर पुन्हा धुण्यासाठी वापरता येतात आणि आटवण्याचे पाणी चौपट कमी होते. यासाठी एक नाली, दोन व्हॉल्व्ह आणि एक टाकी लागते. त्याचबरोबर रंगाऱ्याशी बसून मिठाची मात्रा तपासा. मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी मीठ वजन करून नव्हे, तर घमेल्याने पडते. टॉवेल विणून झाल्यावर कापडाच्या रूपात रंगवत असाल, तर थंड पद्धतीची पॅड-बॅच रंगाई (कापड रंगात भिजवून, पिळून, गुंडाळून ठेवण्याची) मीठ न घालताच होते. सुताच्या लडीला किंवा चीजला (नळीवर गुंडाळलेल्या सुताला) ती लागू नाही, त्यामुळे चादरीचे सूत रंगवणाऱ्यांना हा मार्ग नाही.

आटवून उरलेले रंगीत मीठ घातक कचऱ्यात मोडते, ते विकता येत नाही. सोलापूरच्या उन्हात उथळ, तळाशी अभेद्य अस्तर घातलेल्या हौदात आटवणे स्वस्त पडते, पण मंडळाच्या संमतिपत्रात त्याची नोंद करून घ्या आणि पावसाळ्यापूर्वी हौद रिकामा करा. अस्तर नसलेला हौद म्हणजे शेजाऱ्याच्या बोअरला दिलेली जोडणी.

आता पोती. २०१६ च्या घातक व इतर कचरा नियमांनुसार असा कचरा कारखान्यात ९० दिवसांपर्यंत ठेवता येतो. वर्षाला १० टनांपर्यंत कचरा असणाऱ्या छोट्या उत्पादकांना मंडळ १८० दिवसांपर्यंत मुदत वाढवू शकते, मात्र ती मागावी लागते. तुमची दोन वर्षे झाली आहेत. नोटिशीतला सर्वांत गंभीर मुद्दा हाच आहे, आणि सुदैवाने सर्वांत लवकर सुटणाराही हाच आहे. हा गाळ पुणे जिल्ह्यात रांजणगाव येथील घातक कचऱ्याच्या सामायिक केंद्राकडे जातो. त्याचे सदस्यत्व घ्या, गाळाचा नमुना तपासून घ्या, नोंदणीकृत वाहनानेच पाठवा आणि फॉर्म १० चे मॅनिफेस्ट (कचऱ्यासोबत जाणारे नोंदपत्र) जपून ठेवा. फॉर्म ४ मधील वार्षिक विवरण ३० जूनपर्यंत द्यायचे असते. त्यातला गाळाचा आकडा, मॅनिफेस्टमधले वजन आणि वहीतला चुना-फेरसचा खप हे तीन एकमेकांशी जुळले पाहिजेत, कारण अनुभवी अधिकारी प्रथम तेच पाहतो. वर्षाला चार टन चुना विकत घेणाऱ्याचा गाळ एक टन भरत असेल, तर उरलेला कुठे गेला हा प्रश्न येणारच.

पाठवण्याचा खर्च वजनावर असतो आणि ते वजन बहुतांशी पाण्याचे असते. टाकीतून निघालेल्या गाळात घन पदार्थ २ टक्के असेल, तर एक टन कोरड्या पदार्थासाठी ५० टन गाळ उचलावा लागेल. तो ३० टक्क्यांपर्यंत वाळवला की साडेतीन टनांच्या आत येतो. आपल्याकडचे एप्रिल-मेचे ऊन या कामी फुकट मिळते. वाळवण्याचे वाफे मात्र सिमेंटच्या तळाचे, निथळ पुन्हा ईटीपीत नेणारे आणि वर पत्रा असलेले हवेत. फेरस सल्फेटऐवजी पॉली ॲल्युमिनियम क्लोराइड वापरल्याने गाळ बराच कमी होतो. ते किलोला महाग आहे, पण पोत्यांचे भाडे धरून हिशेब केला तर अनेकदा स्वस्त पडते.

एक गैरसमज येथेच दूर करतो. सिमेंट कारखाना हा गाळ जाळतो असे ऐकून काही जण सोलापूरच्याच सिमेंट कारखान्यांकडे चौकशी करतात. होटगीकडचे कारखाने ग्राइंडिंगचे आहेत. तेथे क्लिंकर (दुसरीकडे भट्टीत भाजून आणलेले सिमेंटचे खडे) दळतात, भट्टी नाही, त्यामुळे गाळ जाळण्याचा प्रश्नच येत नाही. भट्टीचे कारखाने शेजारच्या कर्नाटकात, वाडी परिसरात आहेत. तिकडे सहप्रक्रियेसाठी (सिमेंटच्या भट्टीत जाळण्यासाठी) गाळ पाठवायचा तर वाहन निघण्यापूर्वी दोन्ही राज्यांच्या मंडळांना कळवावे लागते. नुसते पुरण्यासाठी परराज्यात न्यायचे असेल, तर दोघांचेही ना हरकत प्रमाणपत्र लागते. वीटभट्टीवाल्याला किंवा भरावासाठी कोणाला हा गाळ देणे बेकायदा आहे, मग तो कितीही हसतमुखाने नेवो.

रंग आणि रसायनांची रिकामी बॅरल भंगारवाल्याला देऊ नका. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या या शहरात निळे प्लास्टिकचे बॅरल कोणत्या घरी पिण्याचे पाणी साठवायला जाईल हे सांगता येत नाही. धुऊन, भोक पाडून, अधिकृत पुनर्प्रक्रियावाल्याकडेच पाठवा.

चिमणीकडे आता येतो. शेजाऱ्यांची तक्रार काळ्या धुराची आहे, आणि काळा धूर म्हणजे न जळालेले इंधन, म्हणजे तुमचाच पैसा. वेडी बाभूळ तोडून आठवडाभरात भट्टीत घातली, तर तिच्यात बरेचसे पाणीच असते आणि आगीची पहिली उष्णता ते पाणी उकळण्यात जाते. पावसाळा वगळता सहा महिने रचून वाळवलेले, मनगटाएवढे फोडलेले लाकूड थोडे थोडे घातले की धूर बराच कमी होतो. फायरमन एकदाच भट्टी ठासून भरतो आणि चहाला जातो, हे चित्र मी इतक्या ठिकाणी पाहिले आहे की त्याबद्दल आता रागही येत नाही. त्याला दोष देण्याआधी त्याला किती जागी एकाच वेळी उभे केले आहे ते पाहा. भट्टीत चिंधी, सुताच्या कोनांचे प्लास्टिक आणि पॅकिंगच्या पिशव्या जाळणे आजच बंद करा. पॉलिस्टर मिसळलेल्या, रंगलेल्या चिंधीचा धूर लाकडाच्या धुराहून फार निराळा असतो आणि वस्तीची खरी तक्रार बहुधा त्या वासाची असते.

त्यानंतर वाफेची गळती. कंडेन्सेट (वाफ थंड होऊन झालेले गरम पाणी) परत बॉयलरला आणले, तर भरणीच्या पाण्याचे तापमान ६ अंशांनी वाढले की इंधन साधारण एक टक्क्याने वाचते. चिमणीतल्या धुराचे तापमान २२ अंशांनी खाली आले तरी तितकेच. नीट न बांधलेल्या पाइपांच्या कारखान्यात या दोन गोष्टींतून इंधन दहा-पंधरा टक्क्यांनी खाली आणता येते, आणि जे इंधन जळलेच नाही त्याच्या धुरासाठी कोणतेच यंत्र लागत नाही.

एवढे झाल्यावर यंत्राचा विचार करा. साधा सायक्लोन (धूर गरगर फिरवून राख खाली पाडणारे यंत्र) दहा मायक्रॉनच्या वरची राख पकडतो, फुप्फुसात खोल जाणारा बारीक कण त्यातून निसटतो. बॅग फिल्टर तोही पकडतो, पण लाकडाच्या भट्टीतून उडणारे निखारे त्याच्या पिशव्या जाळतात आणि धूर फार थंड झाला तर पिशव्यांवर ओल धरून राख चिकटते. म्हणून आधी सायक्लोन किंवा निखारे अडवणारा कक्ष आणि मागे बॅग फिल्टर अशी जोडी लागते. चिमणीच्या उंचीचे सूत्र सोपे आहे: ताशी निघणाऱ्या सल्फर डायऑक्साइडच्या किलोंचा ०.३ घात काढायचा आणि त्याला १४ ने गुणायचे. समजा, रोज ५ टन कोळसा जळतो, त्यात गंधक अर्धा टक्का, म्हणजे दिवसाला ५० किलो सल्फर डायऑक्साइड, ताशी दोन किलोंहून किंचित जास्त. उंची येते साडेसतरा मीटर. लाकडात गंधक नगण्य असते, तेथे इमारतीच्या उंचीवरून ठरवतात. उंच चिमणी धूर कमी करत नाही, पातळ करून दूर नेते, हे मात्र विसरू नका. नमुना घेण्यासाठी पोर्टहोल, शिडी आणि उभे राहण्याचा कठडा नसेल, तर धूर कितीही स्वच्छ असला तरी तो सिद्ध करता येत नाही.

शहराच्या हवेत तुमच्या चिमणीचा वाटा किती, असे तुम्ही मध्येच विचारले आहे. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला आणि मानक न गाठणाऱ्या शहरांच्या यादीत सोलापूर आहे. पीएम १० चे (दहा मायक्रॉनपर्यंतच्या धूलिकणांचे) वार्षिक मानक घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. कोरडे हवामान, उखडलेले रस्ते, बांधकामे, जळणारा कचरा, गाळप हंगामात उसाच्या पट्ट्यात उडणारी बगॅसची (उसाच्या चिपाडाची) काजळी आणि दक्षिण सोलापुरातील १,३२० मेगावॅटचे औष्णिक केंद्र या सगळ्यांत तुमचा वाटा लहानच असेल. परंतु वस्तीपासून शंभर मीटरवर, वीस मीटरहून कमी उंचीवर सुटणारा धूर त्या वस्तीच्या श्वासात जितका जातो तितका दूरच्या उंच चिमणीचा जात नाही. शहराच्या सरासरीत तुम्ही दिसत नाही, पण शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर दिसता.

शेवटी परवडण्याचा प्रश्न. कायदे आपल्याकडे कमी नाहीत: पाण्याचा १९७४ चा, हवेचा १९८१ चा, भोपाळनंतरचा पर्यावरण संरक्षणाचा १९८६ चा. अडचण अशी की ते मोठ्या कारखान्याच्या मापाने बेतलेले आहेत आणि आपला उद्योग शेकडो छोट्या शेडमध्ये विखुरलेला आहे. अशा शेडमध्ये रसायन अभियंता नसतो, तपासायला अधिकारी क्वचित येतो आणि जो खर्च करतो त्याचा टॉवेल शेजाऱ्यापेक्षा महाग पडतो. ही तक्रार खरी आहे. पण न केलेला खर्च कोणी तरी भरतोच. तिरुपूर हे आपल्यासारखेच कापडाचे गाव. तेथील रंगाईचे खारे पाणी नोय्यल नदीतून ओरथुपालयम धरणात साठत गेले, शेतीसाठी बांधलेल्या त्या धरणाचे पाणी शेतीला नालायक झाले आणि जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने रंगाई कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. पुढे शून्य विसर्गाच्या सामायिक प्रक्रिया केंद्रांवर तो उद्योग पुन्हा उभा राहिला, पण मधल्या काळातील मजुरांची उपासमार कोणाच्या ताळेबंदात आली नाही. आपण स्वतः पुणे-पिंपरीचे सांडपाणी पोटात घेणाऱ्या उजनीचे पाणी पितो आणि त्याबद्दल रास्त संतापतो. कुडलच्या सीना-भीमा संगमाखाली भीमा कर्नाटकात उतरते, तेव्हा तिकडचे लोक आपल्याकडे त्याच नजरेने पाहतात.

आणि दंडही हिशेबात धरा. केंद्रीय मंडळाच्या पर्यावरण भरपाईच्या सूत्रात लाल (सर्वाधिक प्रदूषणकारी) वर्गातील उद्योगाचा निर्देशांक ८०, रुपयांचा गुणक २५० आणि लघुउद्योगाचा ०.५ धरला, तर शहराच्या लोकसंख्येचा गुणक सर्वांत कमी म्हणजे १ धरूनही दिवसाला १०,००० रुपये होतात. एका महिन्याचे तीन लाख. वेगळी नाली, दोन टाक्या आणि पोती रांजणगावला पोहोचवण्याचा खर्च यांची अंदाजपत्रके मागवा आणि त्याशेजारी हा आकडा ठेवा. जे एकट्याला परवडत नाही ते चार शेजाऱ्यांनी मिळून करावे. गाळाचा ट्रक भरण्याइतका माल एकेकाकडे महिनोन् महिने जमत नाही, चौघांचा लवकर जमतो. प्रत्येकाचे वजन आणि मॅनिफेस्ट मात्र वेगळेच राहिले पाहिजे.

नोटिशीचे उत्तर मुदतीत द्या आणि त्यात काहीही नाकारू नका. पोत्यांची संख्या व वजन, सदस्यत्वाच्या अर्जाची प्रत, नालीच्या बदलाचा नकाशा आणि प्रत्येक कामाची तारीख लिहा, आणि जी तारीख पाळता येणार नाही ती लिहू नका. ही पोती उघड्यावर असतील, तर जूनचा पहिला पाऊस पडण्याआधी ती पत्र्याखाली, सिमेंटच्या ओट्यावर घ्या. हे काम उत्तर टाइप होण्याचीही वाट न पाहता आज दुपारी सुरू करता येईल.